बाळाच्या मनाचा जाणकार कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दीड-दोन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही. आपल्याच नादात डबीचे झाकण फिरवत बसते. घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. आजी म्हणते, "काही होत नाही, याचा बाप बी तीन वर्साचा होईस्तोवर बोलला नव्हता." पुष्कळदा आजीचे खरेही ठरते. पण जेव्हा ते खरे ठरत नाही, तेव्हा मधले वर्ष-दीड वर्ष हातचे निघून गेलेले असते. मग कुणी अंगारा सुचवते, कुणी टॉनिक, तर कुणी सांगते की शहरात एक थेरपी सेंटर निघाले आहे, तिथे दाखवून आणा. तिथे गेल्यावर दारावर पाटी असते, पाटीवर नाव असते आणि नावापुढे अक्षरांची माळ असते. ती अक्षरे कुणी दिली, कशासाठी दिली आणि ती आजही चालू आहेत का, हे विचारायचे असते हेच आपल्याला ठाऊक नसते. लहान मुलांच्या मनाचे काम करणाऱ्या माणसाला पात्रता मिळते कशी आणि ती टिकवावी लागते कशी, हा आजचा विषय आहे. तो त्या व्यवसायातल्यांचा वाटला, तरी ज्याच्या घरात पाळणा हलतो त्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

मुळात एवढ्याशा बाळाला मन असते का, इथून सुरुवात करू. मानसिक आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेडाचार येतो आणि पाळण्यातल्या लेकराशी त्याचा काय संबंध, असे वाटते. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या वयात या शब्दाचा अर्थ साधा आहे. भीती वाटली की बाळ आपल्या माणसाकडे झेपावते का? उचलून घेतल्यावर हळूहळू शांत होते का? नजरेला नजर देते का? झोप, खाणे, रडणे, खेळणे यांची घडी बसली आहे का? हे सगळे म्हणजे बाळाचे मानसिक आरोग्य. ते एकट्या बाळाचे तपासता येत नाही. आई बाळंतपणानंतर उदास असेल, घरात रोज भांडणे असतील, तर त्याचे पडसाद बाळाच्या झोपेत आणि खाण्यात उमटतात. म्हणून या कामातल्या माणसाला शरीर, मन, वाणी, खेळ आणि कुटुंब या सगळ्यांची जाण लागते. ही जाण एका पदवीत मावत नाही, आणि पात्रतेचा प्रश्न अवघड होतो तो इथेच.

शिशूंच्या मनाच्या कामाला वेगळी शाखा म्हणून आकार आला तो अमेरिकेतील मिशिगन राज्यात, १९७० च्या दशकात. सेल्मा फ्रायबर्ग या बाईंनी तिथे एक नवी पद्धत रुजवली. अडचणीत असलेल्या मायलेकरांना दवाखान्यात बोलावण्याऐवजी त्यांचे सहकारी घरी जात आणि स्वयंपाकघरात बसून आईशी बोलता बोलता बाळाकडे पाहत. १९७७ मध्ये तिथे या कामाची संघटना उभी राहिली आणि २००२ मध्ये तिने पात्रता-प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. अमेरिकेतील इतर अनेक राज्यांनी ती पुढे उचलली.

या पद्धतीतल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, घरभेटी देणाऱ्या कार्यकर्तीपासून उपचार करणाऱ्या तज्ज्ञापर्यंत सर्वांसाठी एकाच शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी, परीक्षा पास होणे एवढ्यावर भागत नाही. शिक्षण, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांबरोबरच एखाद्या अनुभवी व्यक्तीजवळ नियमितपणे बसून आपल्या कामाचा मागोवा घ्यावा लागतो. आज त्या घरात मला राग का आला, ती आई रडली तेव्हा मी गडबडून सल्ला का देऊन टाकला, अशा गोष्टी तिथे बोलल्या जातात. आणि तिसरी, प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

आपल्या देशात बालकांच्या मानसिक आरोग्याचे असे एकच, सर्वांना लागू होणारे सरकारी प्रमाणपत्र नाही. आपल्याकडे वेगवेगळी दारे आहेत आणि प्रत्येक दाराची चावी वेगळ्या परिषदेकडे आहे. ती दारे एकेक करून पाहू.

पहिले दार डॉक्टरांचे. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ हे दोघेही आधी वैद्यकीय पदवीधर असतात आणि राज्यात व्यवसाय करताना महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. ही नोंदणी जन्मभराची नाही. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी या मुदतीत निरंतर शिक्षणाचे ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. व्याख्याने, कार्यशाळा, परिषदा यांतून ते मिळतात. औषध लिहून देण्याचा अधिकार या डॉक्टरांचा आहे. पुढे ज्यांची माहिती येते, त्यांच्यापैकी कुणाचाही नाही.

दुसरे दार भारतीय पुनर्वास परिषदेचे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेकडे १६ प्रकारच्या व्यावसायिकांची नोंद होते. त्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी, लहान मुलांच्या पालकांना गरज पडणारी बहुतेक माणसे येतात. त्यांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावी लागतात. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम आज कुणाला भीती वाटावी अशी राहिलेली नाही, ही गोष्ट वेगळी. या नोंदणीचेही दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यक्रमांतून निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. मानसशास्त्रात एम.ए. झालेली प्रत्येक व्यक्ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नसते. एम.ए. नंतर रुग्णालयाशी जोडलेला दोन वर्षांचा एम.फिल. हा अभ्यासक्रम, ही या नोंदणीची रुळलेली वाट होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवी बंद करायचे ठरवल्यावर परिषदेने तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले. म्हणून या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशाची फी भरण्याआधी एकच गोष्ट पक्की करावी. हा अभ्यासक्रम आणि ही संस्था, दोन्ही पुनर्वास परिषदेच्या मान्य यादीत आहेत का? विद्यापीठाची पदवी हाती पडते, पण परिषद नोंदणी देत नाही, अशी वेळ आली तर दोन वर्षे आणि आई-बापांचे पैसे दोन्ही वाया जातात.

तिसरे दार व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार करणाऱ्यांचे. चमचा धरणे, बटण लावणे, कपड्याच्या स्पर्शाने न बिथरणे, अशा गोष्टींवर मुलाबरोबर खेळता खेळता काम करणारा तो व्यवसायोपचारतज्ज्ञ. यांच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषद आहे.

आणि चौथे दार समुपदेशकांचे. हे बराच काळ दार नव्हतेच, ते मोकळे मैदान होते. कुणीही महिनाभराचा वर्ग करावा आणि समुपदेशक अशी पाटी लावावी. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा केला. पुनर्वास परिषदेकडील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सोडून इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि आरोग्य क्षेत्रातील समाजकार्यकर्ते यांना त्याने नोंदणीच्या कक्षेत आणले. व्यवसायोपचार आणि भौतिकोपचारही या कायद्यात आले आहेत. ही घडी बसायला वेळ लागणार आहे. तोवर समुपदेशक हा शब्द वाचला की पुढचा प्रश्न विचारायचा, शिक्षण काय आणि कुठे झाले?

आता कुणी म्हणेल, एकदा शिकून घेतले, अनुभव आला, मग दर पाच वर्षांनी हा नूतनीकरणाचा व्याप कशाला? स्वमग्नतेचे उदाहरण घेऊ. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतरची वीसेक वर्षे असा समज पसरला होता की आईचे वागणे थंड, कोरडे असले की मूल असे होते. मोठमोठ्या माणसांनी तो उचलून धरला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी हा समज खोडून काढला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. पुढच्या संशोधनाने स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, हे दाखवून दिले. म्हणजे एखाद्याने १९६० मध्ये पदवी घेतली आणि नंतर पुस्तक उघडलेच नाही, तर तो जन्मभर निष्पाप आयांना दोष देत राहिला असता. पदवी तीच, पाटी तीच आणि सल्ला मात्र घातक. नूतनीकरण हवे ते यासाठी. आजही आपल्याकडे आईला ऐकवले जाते, तूच मोबाइल दिलास म्हणून मूल असे झाले. दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यापासून दूर ठेवावे हे खरेच आहे, पण मोबाइलने स्वमग्नता जडते असे सिद्ध झालेले नाही. जाणकार माणूस हे दोन्ही सांगतो आणि आईच्या डोक्यावरचे ओझे वाढवत नाही.

पात्रतेचा आणखी एक धागा आहे, तो मोजमापाच्या साधनांचा. इथे मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे एक नाव घ्यायला हवे. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला भारतीय बाळांच्या विकासाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या मोजपट्टीचा आधार घेऊन त्यांनी आपल्या बाळांची प्रमाणे ठरवली आणि त्यातून डासी ही मोजपट्टी तयार झाली. १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. घंटी वाजली की बाळ काय करते, ठोकळा एका हातातून दुसऱ्या हातात घेते का, अशा त्या बाबी. पण ही पेटी विकत आणली म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही. ती वापरण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते, कारण भुकेल्या किंवा झोपाळलेल्या बाळाची चाचणी घेतली तर हुशार मूलही मागे पडलेले दिसते.

यातूनच प्राथमिक तपासणी आणि निदान यांतला फरक कळतो. बाळ मान धरते का, बसते का, बोबडे बोलते का, हे टप्प्यांच्या तक्त्यावरून पाहणे ही चाळणी झाली. ती थोड्या प्रशिक्षणावर कुणालाही करता येते. चाळणीत काही राहिले तर त्याचे नाव काय, हे सांगणे म्हणजे निदान. ते नोंदणीकृत तज्ज्ञाचेच काम. चाळणी करणाऱ्याने निदान सांगू नये आणि निदान करणाऱ्याने चाळणी करणारीला कमी लेखू नये.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे वळू. मूल आणि त्याची वाढ हा विषय इथे नवा नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात सत्तरच्या दशकातच गृहविज्ञान महाविद्यालय उभे राहिले. आज ते सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. तिथे मानव विकास हा विषय शिकवला जातो आणि विद्यार्थ्यांना मुलांमध्ये बसून निरीक्षण करता यावे म्हणून विभागाला जोडलेली बालवाडी आहे. गावाकडच्या शेतकऱ्याच्या मुलीला बारावीनंतर आपल्याच जिल्ह्यात बालविकासाची पदवी घेता यावी, ही मोठी सोय आहे. मात्र या पदवीने उपचाराचा परवाना मिळत नाही. तिने पाया पक्का होतो. त्यावर बालशिक्षण, विशेष शिक्षण, समाजकार्य यांपैकी कोणत्या मजल्याची बांधणी करायची हे ठरवून त्या त्या परिषदेची पात्रता मिळवावी लागते.

आणि ज्या बाईशिवाय हा विषय पुराच होत नाही, ती म्हणजे अंगणवाडीताई. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अंगणात, झाडाखाली मुले जमवून जे काम केले, त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या तांड्यावर किंवा पूर्णेच्या काठच्या गावात बाळाला जन्मापासून ओळखणारी सरकारी व्यक्ती म्हणजे ही ताई आणि तिच्या जोडीला आशाताई. आशाताईने बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे झाल्यावर घरी जावे, अशी योजना २०१८ पासून आहे. २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि मुलांचे दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर तपासते. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना आहे. तिच्यात बालरोगतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशी पदे धरलेली आहेत.

कागदावरची ही साखळी चांगली आहे. ती तुटते कुठे? आपल्याकडे गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरू आईबरोबर फडावर, कोपीत. पथक गावात येते तेव्हा नेमके तेच मूल पटावर असते आणि अंगणवाडीत नसते. परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. बोलणे शिकण्याच्या वयातले सहा महिने म्हणजे त्या मुलाच्या आयुष्याचा केवढा तरी हिस्सा. हे मूल पुन्हा दिसल्यावर, जाण्याआधी ते चार शब्द बोलत होते आणि आता एकही बोलत नाही, हे कुणाच्या लक्षात येईल? फक्त ताईच्या.

तेव्हा ताईची पात्रता हा या जिल्ह्यापुरता सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. २०२० च्या धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडीताईंसाठी सहा महिन्यांचा बालशिक्षण प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. २०२३ मध्ये 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम आला. २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या बाळांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वर्षांसाठी 'आधारशिला' हे आराखडे आले. प्रशिक्षणे होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. उणीव आहे ती मघाशी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीची, जाणत्याजवळ बसून कामाचा मागोवा घेण्याची. ताईची पर्यवेक्षिका वजने पाहते, नोंदी पाहते, मोबाइलमधली माहिती भरली का ते पाहते. पण त्या बाळाच्या आईने आठ दिवस वेणी घातलेली नाही आणि ती माझ्याशी बोलत नाही, मी काय करू, हे ताईने कुणाला विचारायचे?

यासाठी नवी इमारत नको. ताईंची मासिक बैठक होतेच. त्यातला अर्धा तास नोंदवह्या बाजूला ठेवून दोन-तीन मुलांविषयी बोलायला दिला आणि महाविद्यालयातला बालविकासाचा शिक्षक किंवा जिल्हा केंद्रातला मानसशास्त्रज्ञ तिथे येऊन बसला, तर मिशिगनमध्ये ज्याला पात्रतेचा कणा मानतात ते काम सुरू झालेच. जाणकार माणसे आहेत, ताईही आहेत. त्यांची गाठ घालून देणारा कुणी हवा.

शेवटी पालकांसाठी चार गोष्टी सांगतो. मुलाला कुठेही दाखवताना नोंदणी क्रमांक विचारा आणि ती कोणत्या परिषदेची, मुदत कधी संपते, हेही विचारा. यात अपमान काही नाही, चांगला तज्ज्ञ स्वतःहून दाखवतो. पुनर्वास परिषदेची नोंद संकेतस्थळावर पाहता येते. गावात कुणाला जमत नसेल तर शाळेतले गुरुजी किंवा महाविद्यालयात जाणारा पोरगा ते पाहून देईल. दुसरे, आई-वडिलांना बाहेर बसवून मुलाला आत घेणाऱ्याला, आम्हाला घरी काय करायचे ते शिकवणार का, असे विचारा. लहान मुलाचा खरा उपचार घरातच चालतो. तिसरे, चाचणीचा लेखी अहवाल मागा. चौथे, बरे करून देतो अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. स्वमग्नतेवर मूलपेशींचे महागडे उपचार विकले जातात, पण ते करण्याची शिफारस नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी कुणी शेत गहाण ठेवू नये.

आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर आपल्या अंगणवाडीताईला बाल स्वास्थ्य पथक कधी येणार ते विचारा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. बाळंतपणानंतर आईचेच मन थाऱ्यावर नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री फुकट बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

भिंतीवरच्या प्रमाणपत्राने कुणी मायाळू होत नाही, हे मान्य. पण त्या कागदामुळे तो माणूस कुणाला तरी उत्तर द्यायला बांधला जातो आणि त्याचे ज्ञान ताजे आहे की नाही हे पाच वर्षांनी का होईना विचारले जाते. ज्याला अजून स्वतःचे गाऱ्हाणे बोलता येत नाही अशा लेकराच्या बाबतीत एवढी विचारपूस तरी आपण करायलाच हवी.